सामूहिक कला आणि सुखाचं जगणं : तत्त्वज्ञानाच्या पेपरात नेमकं काय शिकवावं?

ओसरी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून लिहितेय. खानदेशात एका तालुक्याच्या गावी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह आले, म्हणजे कॉमर्सचा पोरगासुद्धा माझ्या वर्गात येऊन बसू शकतो, आणि आमच्या विभागाने ठरवलंय की पुढच्या सेमिस्टरला "सामूहिक कला आणि सुखी जीवन" असा २ क्रेडिटचा पेपर द्यायचा. मसुदा मी करायचाय. २ क्रेडिट म्हणजे थिअरीचे ३० तास, प्रॅक्टिकल धरलं तर ६०.

पहिला मसुदा केला तो असा - अ‍ॅरिस्टॉटल, एपिक्युरस, रससिद्धांत, टॉलस्टॉय, ड्यूई, शेवटी "महाराष्ट्रातील लोककला" एक युनिट. रात्री परत वाचला आणि मलाच वाटलं की हे वाचून एकही पोरगं सुखी होणार नाही. लहानपणी भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही मुली भुलाबाईची गाणी म्हणत टिपऱ्या घेऊन घरोघर जायचो, त्यात मला जे मिळायचं त्याला सुख म्हणतात हे एम.ए. केल्यावर कळलं, पण ते या मसुद्यात कुठेच नाही. तर सांगा, काय ठेवू, काय काढू? आणि मुळात सुख हा शिकवायचा विषय आहे का?

पावशेर
वा, पहिलाच धागा आणि असला विषय! जागा पकडून बसतो. भुलाबाईच्या शेवटी खाऊ ओळखायचा असतो ना, मग परीक्षाही तशीच घ्या. डबा हलवायचा आणि आत काय आहे ते सांगायचं, ओळखलं की पास :)

दूरदेशी
चांगला विषय. येल विद्यापीठात जानेवारी २०१८ मध्ये लॉरी सांतोस यांनी सुखी जीवनाचा कोर्स सुरू केला तेव्हा जवळपास १२०० मुलांनी नाव घातलं होतं, म्हणजे तिथल्या पदवीच्या मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा. वर्ग पुरेना म्हणून मोठं सभागृह घ्यावं लागलं. पण तो मानसशास्त्राचा कोर्स आहे हे लक्षात घ्या. झोप, व्यायाम, कृतज्ञतेची वही, मोबाइल कमी, असा सगळा भर वैयक्तिक सवयींवर. तत्त्वज्ञानवाल्यांनी तेच पुन्हा देऊ नये असं मला वाटतं. मानसशास्त्र विचारतं सुख कशाने वाढतं, तुम्ही विचारायला हवं की सुख म्हणजे काय आणि ते एकट्याचं असू शकतं का.

आपल्याकडे दिल्ली सरकारनेही जुलै २०१८ मध्ये नर्सरी ते आठवीच्या मुलांसाठी हॅपिनेस करिक्युलम आणला होता, त्यातही ध्यान, गोष्टी, गप्पा होत्या. म्हणजे कल्पना नवी नाही, "सामूहिक कला" हा तुमचा भाग मात्र नवा आहे, तोच धरून ठेवा.

अडकित्ता
मी जरा विरोधात बोलतो, राग मानू नका ताई. सुख शिकवणं म्हणजे मला भोंदूपणाच्या शेजारचं वाटतं. मुलांना नोकरी नाही, शेतीला भाव नाही, आणि आपण म्हणणार या, फेर धरा, आनंदी व्हा. त्यापेक्षा तर्कशास्त्र शिकवा, निदान जाहिरातीतली लबाडी तरी ओळखतील.

कोयनाकाठ
अडकित्ता, मुद्दा पटतो पण अर्धाच. आमच्या शाळेत लेझीम होतं. मी अंगाने बारका, कबड्डीत कुणी घ्यायचं नाही, अभ्यासात बेताचा. पण लेझमीत चाळीस पोरांत माझी एक जागा होती, दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथा. मी चुकलो तर अख्खी रांग चुकायची. तेव्हा बापाचं कर्ज होतंच, नोकरी पुढे मिळेल न मिळेल काही माहीत नव्हतं, पण संध्याकाळी तासभर मी मोजला जात होतो. ते दिवस मला अजून पुरतात. यात भोंदूपणा काय ते मला कळत नाही.

अडकित्ता
@कोयनाकाठ, "मोजला जात होतो" हे आवडलं. यावर विचार करतो.

निळी_शाई
ओसरीताई, मी सौंदर्यशास्त्र वाचलेली माणूस, त्यामुळे माझी हरकत वेगळी आहे. भुलाबाई, भोंडला, लेझीम हे विधी आहेत, खेळ आहेत, त्यांना कला म्हणायचं का? कलेत कलाकृती नावाची एक वस्तू असते, तिच्याकडे आपण स्वार्थ बाजूला ठेवून पाहतो. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार केला तो लयीच्या अंगाने, संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तीन नियम त्यांनी मांडले. त्यात नाचणाऱ्याला मजा आली का याचा काही संबंध नाही. तुम्ही "सगळ्यांनी मिळून केलं आणि बरं वाटलं" याला कला म्हणाल तर मग पिकनिकही कलाच होईल.

कोयनाकाठ
निळी_शाई, तुम्ही लिहिलेले ते तीन नियम वाचून मी खुर्चीतून उठलो हो. संवाद, विरोध, समतोल. आमचे सर शिट्टी मारायचे तेव्हा पहिली रांग आणि तिसरी रांग एका बाजूला झुकायची, दुसरी उलट, आणि आठव्या आवर्तनाला सगळे परत सरळ. हेच ना? मी मर्ढेकर वाचलेले नाहीत पण मी ते केलेलं आहे.

निळी_शाई
खरं सांगू का, हे उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. माझं म्हणणं थोडं बदलते. लय बाहेरून पाहणं आणि लयीच्या आत असणं हे दोन वेगळे अनुभव आहेत, आणि आपलं विद्यापीठातलं सौंदर्यशास्त्र बहुतेक पहिल्याबद्दलच बोलतं. ताई, हा फरक एक अख्खं युनिट होऊ शकतो. अमेरिकन तत्त्वज्ञ ड्यूई इथे उपयोगी पडेल. १९३४ साली त्याने हेच दुखणं सांगितलं होतं की कला संग्रहालयात गेली आणि रोजच्या जगण्यापासून तुटली.

चिरेबंदी
कोकणातून हजेरी. आमच्याकडे गणपतीत जाखडी असते, काही लोक बाल्या नाच म्हणतात. मधे मृदंग आणि गाणारा बसलेले, भोवती पायात चाळ बांधून पोरं फेर धरून नाचतात. शक्तीवाले म्हणजे कलगीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष, एकाने प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच उत्तर द्यायचं. प्रश्न कसले माहितीय? प्रकृती मोठी की पुरुष, शक्तीशिवाय शिव हलेल का. माझा चुलता सातवी नापास, मुंबईला गोदीत होता, पण सृष्टी कशी झाली यावर रात्रभर भांडायचा ते सगळं पदांत. हे तत्त्वज्ञान नाही तर काय आहे? तुमच्या पेपरात "लोककला" वेगळं युनिट आणि "तत्त्वज्ञान" वेगळं युनिट आहे ना, तिथेच चूक आहे असं माझं स्पष्ट मत.

ओसरी
चिरेबंदी दादा, हे लागलं आणि योग्य जागी लागलं. कलगी-तुरा आमच्या खानदेशातही होता, आणि मी तो शेवटच्या युनिटात चार ओळींत गुंडाळलाय.

काळी_माती
इथपर्यंत सगळे गोड बोलतायत म्हणून मी कडू बोलते. "समूह" म्हणजे कोण? गावच्या उत्सवात आमच्या आजोबांचं काम होतं हलगी वाजवायचं. वाजवायला बोलवायचे, जेवायला पंगतीत नाही. फेराच्या आतल्यांचं सुख आणि फेराच्या बाहेर उभं राहून वाजवणाऱ्याचं सुख एकच आहे का? तुमच्या पेपरात याला जागा नसेल तर तो पेपर खोटा आहे.

आणि कलेने माणूस सुखीच व्हायला हवा हेही मला मान्य नाही. सत्यशोधक जलसे, मग भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे, ते पाहून लोक सुखी व्हायचे नाहीत, जागे व्हायचे. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं ते काय ताण कमी करायला? पण आजोबा आपल्या वस्तीतल्या जलशाबद्दल बोलायला लागले की त्यांचा चेहरा बदलायचा, गावच्या उत्सवाबद्दल बोलताना कधीच नाही. दोन्हीकडे हलगी तीच होती.

अडकित्ता
काळी_माती, उभं राहून नमस्कार. माझ्या मनात जे होतं ते तुम्ही नीट मांडलंत. पेपरला विरोध मागे घेतो, पण हा भाग पहिल्या युनिटात हवा, शेवटच्या नको.

शास्त्रीबुवा_नाही
काळी_माती यांच्या मुद्द्याला जोडून. रससिद्धांत शिकवताना आपण थेट रसनिष्पत्तीवर उडी मारतो, पण भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय वगळतो. तिथे गोष्ट अशी की नाट्य हा पाचवा वेद, सार्ववर्णिक, म्हणजे ज्यांना वेद ऐकायची बंदी त्यांच्यासाठीही. आणि पहिला प्रयोग कसला? देवांनी दैत्यांना हरवल्याचा! प्रेक्षकांत दैत्य बसलेले, ते चिडले, नटांची वाचा आणि हालचालच थांबवली. मग ब्रह्मदेवाला त्यांची समजूत काढावी लागली की नाट्य काही फक्त देवांचं नाही, तिन्ही लोकांचं आहे. म्हणजे "हा समूह कोणाचा, आमचा पराभव दाखवून तुम्ही कसला आनंद घेता" हा प्रश्न आपल्या परंपरेत पहिल्याच प्रयोगाला उठलाय. मुलांना ही गोष्ट सांगा आणि वर्ग सोडून द्या, तासभर भांडतील.

त्यानंतर भट्टनायकाचं साधारणीकरण घ्या. रंगभूमीवरचं दुःख "माझं" नसतं, "त्याचं"ही नसतं, म्हणून ते सोसवतं आणि त्याचा रस होतो. हे कळायला संस्कृत यायलाच पाहिजे असं नाही.

गव्हाळी
साधारणीकरण म्हणे! माझ्या आजीला हा शब्द माहीत नव्हता पण ती रोज पहाटे तेच करायची. जात्यावर दोघी बसायच्या, खुंटा दोघींच्या हातात, एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने धरायची. सासरचा जाच, भावाची वाट, मेलेलं लेकरू, हे सगळं ओवीत यायचं, पण "मी" म्हणून नाही, "सई" म्हणून, "बाई" म्हणून. उजेडी त्याच बाया काही झालंच नाही अशा कामाला लागायच्या. ग्वी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी अशा १ लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्यात, गावोगाव जाऊन. त्या वाचल्या की कळतं त्यात सुखाच्या ओव्यांइतक्याच रडण्याच्या आहेत.

गावात पिठाची गिरणी आली, बायकांचे खांदे सुटले, फार बरं झालं, जातं परत यावं असं मी कधीही म्हणणार नाही. पण दोघींनी समोरासमोर बसून एक दांडा धरायची ती घटका गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही. ओसरीताई, मला वाटतं तुमच्या पेपरचा प्रश्न हाच आहे. ती जागा आज कुठे आहे?

पावशेर
गव्हाळी, दोनदा वाचलं. आज विनोद नाही.

ओसरी
"ती जागा आज कुठे आहे" हे वहीत लिहून घेतलं. सगळ्यांचं वाचतेय, उद्या सविस्तर लिहिते, आज पेपर तपासायचे आहेत.

घुमटकार
गोव्यातून. आमच्या गावात चवथीला घुमट आरती असते, घुमट, शामेळ, कांसाळें ही वाद्यं. रात्रभर घराघरात जायचं. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं. पूर्वी ते घोरपडीचं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, बरोबरच झालं, मग बकऱ्याचं कातडं लावून नादाचा शोध सुरू झाला, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य जाहीर केलं. मला यात तत्त्वज्ञानाचा प्रश्न असा दिसतो की परंपरेत काय बदललं तर ती तीच राहते? आमचे म्हातारे म्हणायचे नाद गेला. आमच्या पोरांना जुना नाद माहीतच नाही, त्यांच्यासाठी हाच घुमट. आणि ख्रिश्चन घरांतही मांडो गाण्यांना घुमट वाजतं, म्हणजे एकाच मडक्यावर दोन देव समाधानी.

सातवा_मजला
सगळ्यांचा आदर ठेवून विचारते. मी ज्या सोसायटीत राहते तिच्यासमोर दोन महिने ढोलपथकाचा सराव चालतो. घरात आजारी सासूबाई. ती पोरं पोरी इतक्या आनंदात असतात की खिडकीतून बघताना मलाही हेवा वाटतो, खरंच. पण त्यांचं सुख आमच्या भिंतींतून आत येतं. कायद्यात निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ची मर्यादा आहे, ती कोण मोजतं? सामूहिक कलेचं सुख शिकवताना समूहाबाहेरच्या माणसाचं काय हेही शिकवा ना.

शास्त्रीबुवा_नाही
सातवा_मजला, पेपरात हा जिवंत प्रश्न म्हणून घालावा असाच आहे. एखाद्याच्या स्वातंत्र्याची हद्द दुसऱ्याच्या इजेपाशी संपते हे इंग्रज तत्त्वज्ञ मिलचं म्हणणं मुलं पाठ करतात, ते ढोलावर लावून बघायला लावा. वर्गात निम्मी पोरं पथकात असतीलच.

चिरेबंदी
अवांतर: आमच्या वाडीत सराव ओढ्यापलीकडच्या कातळावर करतात, घरांपासून लांब. कुणी आजारी असलं तर त्या घरावरून जाताना वाद्य बंद. कायदा कुणी वाचलेला नाही.

रानजाई
उशिरा येतेय. डहाणूकडे शिक्षिका होते. वारली चित्र म्हटलं की सगळ्यांना कुर्ती आणि कप आठवतो. मूळ चित्र म्हणजे लग्नाचा चौक. घरच्या सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, मधे पालघट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चित्र आणि गाणं वेगळं नाही, आणि चित्राखाली कुणाची सही नाही. १९७० च्या दशकात कागद आला, बाजार आला, जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर झालं, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, फार मोठा माणूस. त्यांच्यामुळे शेकडो घरांत पैसा आला. पण त्याबरोबर चित्र बायकांच्या हातून बरंचसं पुरुषांच्या हातात गेलं. कोणतं सुख मोठं, चौकाचं की विकलेल्या चित्राचं? मी इतकी वर्षं तिथे होते, मला उत्तर सापडलं नाही आणि ज्यांच्या घरात चूल पेटायची मारामार त्यांना मी ते विचारूही शकले नाही. वाढत्या वयात एवढंच वाटतं की मुलांना दोन्ही दाखवा.

दूरदेशी
रानजाई, सुंदर. मोजमापाबद्दल एक भर घालतो. भूतानने राष्ट्रीय सुखाचा निर्देशांक केला त्यात ९ क्षेत्रं आहेत, त्यात समाजाचा जिवंतपणा आणि संस्कृती ही दोन वेगळी धरलीत. म्हणजे गावात एकमेकांकडे जाणं-येणं, स्थानिक कला येणं हेही सुखात मोजतात.

शास्त्रीबुवा_नाही
मोजमाप निघालंच आहे तर तैत्तिरीय उपनिषदाची आनंदवल्ली विसरू नका. आनंदाचं एकक ठरवलंय तिथे! तरुण, सज्जन, शिकलेला, धडधाकट, आणि सगळी पृथ्वी धनाने भरून त्याच्या मालकीची, हा एक मानुष आनंद. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, म्हणजे गाणाऱ्यांचा. तिथून पुढे शंभर शंभरपट चढत ब्रह्मापर्यंत. आणि प्रत्येक पायरीला एक जोड, हाव सुटलेल्या ज्ञानी माणसालाही तेवढाच. मला नेहमी मौज वाटते की धनवान तरुणाच्या लगेच वरची पायरी गंधर्वांची आहे.

अडकित्ता
यात मित्र कुठे आहेत पण? सगळी पृथ्वी मालकीची आणि बोलायला कुणी नाही. अ‍ॅरिस्टॉटलने निदान नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या १० भागांतले २ मैत्रीला दिले.

निळी_शाई
आणि एपिक्युरसने तर अथेन्सला बागच घेतली. मित्रांनी एकत्र राहायचं, साधं जेवायचं, बोलायचं, स्त्रिया आणि गुलामही त्यात. लोकांना वाटतं तो चैनीचा तत्त्वज्ञ. अडकित्ता, तुम्हाला तो आवडेल.

ओसरी
मंडळी, दोन दिवस तुमचं वाचून मसुदा पूर्ण मोडला. नवा असा बसतोय.

युनिटं काढून टाकली, प्रश्न ठेवले. सुख एकट्याचं असतं का, इथे अ‍ॅरिस्टॉटलची मैत्री, एपिक्युरसची बाग आणि आनंदवल्ली समोरासमोर. समूह कोणाचा, इथे नाट्यशास्त्राचा पहिला प्रयोग आणि जलसे, हे दुसऱ्याच आठवड्यात. लयीच्या बाहेर आणि आत, इथे मर्ढेकर, ड्यूई आणि लेझीम. दुःख वाटून घेतलं की काय होतं, इथे साधारणीकरण आणि ओव्या. परंपरा बदलली तर तीच राहते का, इथे घुमट आणि चौक. शेजाऱ्याचं काय, इथे ढोल. टॉलस्टॉय काढला, जागा नव्हती.

एक क्रेडिट थिअरी, एक क्रेडिट प्रत्यक्ष, म्हणजे १५ अधिक ३० तास. प्रत्यक्षात प्रत्येक मुलाने आपल्या घरातलं किंवा वस्तीतलं एक माणूस गाठायचं, ज्याला एखादी सामूहिक कला येते, तिच्यातली एक गोष्ट त्याच्याकडून शिकायची, आणि वर्गाला शिकवायची. फेर असेल तर सगळ्या वर्गाने धरायचा. तत्त्वज्ञान म्हटलं की आमच्या भागात अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर आठवतं, प्रताप शेठजींनी १९१६ ला काढलेलं, साने गुरुजी तिथे तत्त्वज्ञान शिकायला आले आणि मग त्याच गावात शाळामास्तर झाले. एक दिवस मुलांना तिथे नेणार आहे.

गुणांचं मात्र अडलंय. सुखाला मार्क देणार नाही हे ठरलं. पण विद्यापीठाला आकडा लागतो.

कोयनाकाठ
शिकवणाऱ्याला मार्क देऊ नका ताई, शिकलेल्यांना द्या. म्हणजे एका पोराने वर्गाला लेझीम शिकवलं आणि वर्गाला आलं तर सगळ्यांना सारखे मार्क. रांग चुकली तर सगळ्यांचे कमी.

काळी_माती
नाही, हे धोक्याचं आहे. कच्च्या मुलावर सगळा वर्ग डाफरेल, तोच फेराबाहेर जाईल परत. त्यापेक्षा लेखी विचारा की ज्याच्याकडून शिकलात त्या माणसाला त्या कलेने काय दिलं आणि काय नाकारलं. त्याचेच शब्द लिहायचे, आपले नाही. त्यावर मार्क द्या. आणि शिकवायला येणाऱ्या माणसाला मानधन द्या, शाल-नारळावर भागवू नका.

कोयनाकाठ
बरोबर आहे तुमचं. माझी जागा मला सहज मिळाली म्हणून माझ्या लक्षात आलं नाही.

ओसरी
काळी_माती, "काय दिलं आणि काय नाकारलं" हाच प्रश्न घेते, तुमच्या परवानगीने. मानधनाचं प्राचार्यांशी आजच बोलले, पाव्हण्यांच्या व्याख्यानाचं जे हेड आहे त्यातून देता येईल म्हणाले, व्याख्यात्याइतकंच.

काळी_माती
परवानगी आहे. आणि तुमच्या भागात हलगी शिकवायला कुणी मिळालं नाही तर सांगा, माझा भाऊ येईल. त्याला वर्गात खुर्चीवर बसवा.

ओसरी
पहिल्याच तासाला बोलावते त्यांना. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, तारीख कळवा.

गव्हाळी
जातं हवंय का वर्गात? आमच्या अंगणात पडून आहे, तुळशीशेजारी. खुंटा नवा बसवावा लागेल. जड आहे, टेम्पो लागेल.

पावशेर
टेम्पो माझा. जळगावपर्यंतचा रस्ता पाठ आहे. कोजागिरीच्या आधी की नंतर ते सांगा, आणि खाऊ काय आहे ते आधी सांगू नका.